पाच मानांचा एक डबा

पाठशाळेत मला सर्वांत आधी शिकवली गेली ती मापे; मंत्र मागाहून आले. आचमनाला पळीत पाणी किती घ्यावे, तर उडदाचा दाणा बुडेल एवढे. समिधा केवढी असावी, तर अंगठा आणि तर्जनी ताणून होणाऱ्या अंतराएवढी. असे का, म्हणून आम्ही विचारत असू आणि गुरुजी म्हणत, ‘‘आधी मोजायला शिका. कारण सावकाश भेटेल.’’ ते कारण मला बऱ्याच वर्षांनी भेटले, आणि तेही पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका कपाटाच्या पोटात.

अध्ययन संपल्यावर मी पौरोहित्य करावे अशी वडिलांची इच्छा होती. घराची गरज मात्र दरमहा पगाराची होती. म्हणून मी तारतंत्रीचे, म्हणजे वायरमनचे, प्रशिक्षण घेतले आणि विजेची पॅनेले बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. तेथील बराच माल परदेशी जाई, त्यामुळे परदेशातले नियमही पाळावे लागत. सहकारी मला ‘गुरुजी’ म्हणत. डोक्यावर शेंडी होती आणि जेवणाआधी हात धुताना ओठ हलत. तेवढे कारण त्यांना पुरे झाले.

ज्या नियमांनी माझी नोकरी व्यापली, ते थोडक्यात सांगतो. वायर भिंतीतून न्यायची तर ती नळीतून नेतात, आणि भिंतीवरून न्यायची तर ट्रंकिंगमधून, म्हणजे झाकण असलेल्या पत्र्याच्या लांब पन्हाळीतून. वाट लांबली किंवा वळली की मध्ये एक डबा बसवतात. कारागीर तेथे उभा राहून वायर ओढून घेतो आणि पुढे सोडतो, म्हणून त्याला पुल बॉक्स म्हणायचे. या डब्याची लांबीरुंदी मनास येईल तशी ठेवता येत नाही. जाड वायर त्यातून सरळ जाणार असेल, तर सर्वांत मोठ्या नळीच्या व्यासाच्या आठपट लांबी हवी. ती डब्यात वळणार असेल तर सहापट. आणि त्याच बाजूने आणखी नळ्या शिरत असतील, तर त्या साऱ्यांचे व्यास त्यात मिळवायचे. ट्रंकिंगचेही पोट गच्च भरायचे नाही. आमच्या कारखान्यात वायरींनी त्याचा पाचवा हिस्सा व्यापावा आणि उरलेले मोकळे राहावे, असा दंडक होता. आपल्याकडचा नियम याहून सैल आहे. पण मोकळी जागा त्यालाही हवीच.

नवीन आलेल्या कामगाराला ही उधळपट्टी वाटे. मला ती कधी वाटली नाही. वीज वाहू लागली की वायर तापते, आणि ती ऊब निघून जायला अवकाश लागतो. वायर कोपऱ्यात दाबून वळवली की तिचे आवरण सोलवटते, म्हणून वळायलाही अवकाश लागतो. घटात कोंडलेले आकाश आणि बाहेरचे महाकाश एकच, हे मी पाठशाळेत शिकलो होतो. त्यातले थोडे आकाश मोजून राखून ठेवावे लागते, हे मला कारखान्याने शिकवले.

निवृत्तीनंतर मी सूसला मुलाकडे राहायला आलो. सकाळची संध्या, थोडे पारायण, गच्चीतल्या तुळशीला पाणी, असा दिवस सुरू होतो, आणि तो मला पुरतो. गेल्या वर्षी भाद्रपदात, घरोघर गणपती बसलेले असताना, अशाच एका सकाळी ती आली. माझ्या विभागात काही वर्षे काम केलेली ही मुलगी. मुलगी म्हणतो ते सवयीने. ती उरवड्याची सून आहे आणि तिची लेक शाळेत जाते. कारखान्यातली पाळी आणि लेकीची शाळा सुटण्याची वेळ यांचा मेळ तिला कधी बसला नाही. म्हणून तिने परीक्षा देऊन विद्युत पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि मागोमाग स्वतःच्या नावाचा परवाना मिळवला होता. गावच्या देवीच्या नव्या सभामंडपाचे वायरिंग हे तिच्या सहीचे पहिले काम.

चहा पुढे ठेवला तरी तिने कपाला हात लावला नाही.

‘‘गुरुजी, अण्णा डबा लहान करा म्हणतायत.’’

अण्णा म्हणजे देवस्थान समितीचे अध्यक्ष, आणि नात्याने तिचे चुलत सासरे.

‘‘केवढा हवा आहे?’’

‘‘मला दीड फुटी, कंपनीच्या हिशोबानं. त्यांना एवढा.’’ तिने पोह्यांच्या बशीकडे बोट दाखवले. ‘‘देवीच्या दाराशीच वळण येतं ना, तिथं मोठा डबा वाईट दिसतो म्हणे. पिरंगुटचा एक ठेकेदार तयारच आहे. तुम्ही सांगाल तेवढा लावतो म्हणतो.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी लहान लावला आणि उद्या काही जळलं, तर परवाना गेला. नाही लावला तर काम गेलं. सासरच्या गावात पहिलंच काम हातचं गेलं, तर दुसरं कोण देणार? मग आहेच पुन्हा कंपनीची बस.’’

वेळही थोडा होता. अनंत चतुर्दशी झाली की पौर्णिमा, आणि मग पितृपंधरवडा. त्या पंधरवड्यात गावात कोणी नव्या कामाला हात घालत नाही, आणि तो संपताच घट बसतात. नळ्या टाकण्याचा प्रारंभ चतुर्दशीच्या आत व्हायला हवा होता, आणि त्यासाठी रविवारी समितीची बैठक ठरली होती. ‘‘तुम्ही नुसतं येऊन बसा,’’ ती म्हणाली. ‘‘बोलायचं ते मी बोलेन.’’

रविवारी तिच्या स्कूटरवर मागे बसून, डोक्यावर तिच्या नवऱ्याचे हेल्मेट चढवून, मी लवळ्याच्या रस्त्याने उरवड्याला गेलो. बैठक दुपारी होती. आम्ही आधीच पोचलो. देवळात गुरवीणबाई वाती वळत बसल्या होत्या. वय माझ्याहून अधिक, आवाज माझ्याहून खणखणीत. त्यांनी माझे धोतर पाहिले, काखेतले हेल्मेट पाहिले.

‘‘ह्ये भटजी हायेत का वायरमन?’’

‘‘दोन्ही,’’ मी म्हणालो.

‘‘मंग दक्षिणा येकदाच घ्या म्हंजी झालं.’’

मी देवीला नमस्कार केला आणि मग त्या दोघींकडून सारी हकीकत ऐकली. या देवीच्या नवरात्रात पाच दिव्यांचा मान आहे: पाटलांची भावकी, गुरव, सुतारांची आळी, वरच्या वाडीचे धनगर, आणि पिरंगुटच्या बाजारात पानाचे दुकान असलेले एक मुसलमान कुटुंब, ज्यांच्याकडून देवीचा विडा येतो. पूर्वी प्रत्येक घर आपली समई आणि आपले तेल घेऊन येई. समया एका पाटावर मांडल्या जात. पण एकाचे तेल दुसऱ्याच्या समईत घालायचे नाही, हा नेम. पुढे गावात वीज आली, समईच्या जोडीला बल्ब आला, आणि तेलाचा नेम जसाच्या तसा वायरीला लागला. प्रत्येक मानाच्या दिव्याला त्या घराने दिलेली स्वतंत्र वायर. एकाच्या वायरीवर दुसऱ्याचा दिवा लावायचा नाही.

जुन्या भिंतीत नळी मात्र एकच होती. गेल्या नवरात्रात आरती रंगात आली असताना जळका वास सुटला आणि सारे दिवे एकदम गेले.

‘‘आरती न्हाई थांबली पण,’’ गुरवीणबाई म्हणाल्या. ‘‘निरांजन हुतं की हातात. द्येवीला काय फरक पडतुया? मानसंच बोंबलली.’’

त्या नळीचा तुकडा तिने भिंतीशी जपून ठेवला होता. मी तो उचलला आणि चकितच झालो. आत बोट शिरायला वाव नव्हता. लाल, काळ्या, पिवळ्या, काही तर कापडी वेष्टणाच्या वायरी एकमेकींत जटेसारख्या गुंतल्या होत्या. पाच मानांना इतक्या वायरी कशाला लागाव्यात, ते मला कळेना.

‘‘यातल्या बऱ्याच मेलेल्या आहेत, गुरुजी,’’ ती म्हणाली. ‘‘वायर खराब झाली की नवी घालायची. जुनी काढायची नाही.’’

‘‘का नाही?’’

उत्तर गुरवीणबाईंनी दिले. ‘‘द्येवीला वाहिल्यालं परत काडून घ्यायचं व्हय? ज्येच्या आज्यानं दिली त्येची हाय ती. ऱ्हाऊ दे की तितंच.’’

सारी नोकरी मी गच्च भरलेल्या नळ्या पाहिल्या. आळसाने भरलेल्या पाहिल्या, घाईने भरलेल्या पाहिल्या. श्रद्धेने भरलेली ही पहिलीच. मला हसू आले नाही. त्या वायरी मी क्षणभर कपाळाला लावल्या असत्या, पण काजळी फार होती.

‘‘बाई,’’ मी विचारले, ‘‘काल देवीला वाहिलेली फुले आज कुठे आहेत?’’

‘‘निर्माल्यात.’’

‘‘ती का काढलीत? तीही वाहिलेलीच होती.’’

‘‘सुकल्याव काडायचीच. द्येवीच्या अंगावर शिळं ऱ्हाऊन चालंल व्हय?’’

‘‘मग जिच्यातून वीज जात नाही, ती वायर?’’

गुरवीणबाईंच्या हातातली वात अर्धी वळून थांबली. त्यांनी त्या तुकड्याकडे पाहिले, गाभाऱ्याकडे पाहिले, आणि मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

‘‘वायरीचं निर्माल्य! बया! बरं, काडा. पर न्हदीत नगा सोडू. मासं काय तांबं खात न्हाईत. भंगारवाल्याला द्या, आन् काय येतंय त्येचं द्येवीला त्याल आना.’’

तिने माझ्याकडे पाहिले. तिचे निम्मे काम झाले होते. कारण जुने निघणार असेल, तरच राखलेली जागा मोकळी राहते. उरलेले निम्मे काम अण्णांपाशी होते.

बैठकीला पाचही मानांची माणसे आली. चटया टाकलेल्या. अण्णा तालमीत वाढलेले, देह अजून भारदस्त. ते दुकानातून प्लास्टिकचा एक जंक्शन बॉक्स घेऊनच आले होते. तो त्यांनी सर्वांना प्रसादासारखा फिरवून दाखवला.

‘‘ह्यो बगा डबा. समदीकडं ह्योच लावत्यात. लाइट लागती का न्हाई? लागती. मंग?’’

ती उठली. डोक्यावरचा पदर सावरून तिने खडूने भिंतीवर, देवीच्या दाराशेजारी, दीड फुटी चौकोन काढला. ‘‘माझा एवढा आहे.’’

मंडपात कुजबुज झाली.

‘‘ही काय खिडकी काडतीया का?’’ अण्णा म्हणाले. ‘‘का सूनबाई, कंपनीतल्या समद्या बायांचं जेवनाचं डबं ठिवणार हायेस ह्याच्यात?’’

लोक हसले. तीही हसली आणि मग मोजून सांगू लागली. पाच मानांच्या पाच नळ्या, इंचा-इंचाच्या, कारण कोणाची वायर दुसऱ्याच्या नळीतून जायची नाही, असे समितीनेच ठरवले आहे. जनरेटरच्या जाड वायरीची दोन इंची नळी सहावी. साऱ्या नळ्या फरशीखालून वर येणार आणि दाराशी काटकोनात वळणार. सर्वांत मोठी नळी दोन इंची, तिची सहापट बारा. पाच मानांचे पाच. झाले सतरा. ‘‘आणि एक रिकामी नळी ठेवतेय, तिचा एक. अठरा.’’

‘‘रिकामी कुनाची?’’

‘‘जो अजून आला नाही त्याची.’’

‘‘जो आलाच न्हाई त्येला बी मान?’’ अण्णांनी मांडीवर थाप मारली. ‘‘अगं, आलेल्यांचाच सांभाळून नाकी नऊ येत्यात!’’

पुन्हा हशा. तो ओसरल्यावर अण्णांचा स्वर बदलला. देवीच्या दारात तिजोरी उभी केल्यासारखे दिसेल. माणसे दर्शनाला येतात, डबा बघायला नव्हे. डबा लहानच बसेल.

तिने हातातला खडू खाली ठेवला. ‘‘अण्णा, लहान बसवायचा असेल तर दुसऱ्याकडून बसवून घ्या. त्यावर माझी सही होणार नाही.’’

चुलत सासऱ्यापुढे, चार माणसांत, सुनेने असे बोलणे सोपे नव्हते. कोणी हसले नाही.

‘‘बरं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मंग पिरंगुटवाल्याला सांगतो. काय करनार!’’

मी नुसता बसायला आलो होतो. पण माझ्याने बसवेना. तिचे काम माझ्या डोळ्यांदेखत जात होते, आणि मला एक तोड सुचली होती. ‘‘डबा लहानच हवा असेल,’’ मी म्हणालो, ‘‘तर एकाचे दोन करता येतील. जनरेटर आणि दोन मान एका डब्यात, उरलेले तीन दुसऱ्यात. पहिला थोडा मोठा राहील. दुसरा अगदी लहान, दाराच्या पलीकडच्या अंगाला. नियमात बसेल.’’

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी तिच्या मांडलेल्या पाटावर पाय ठेवला होता. पण अण्णांचा चेहरा खुलला. ‘‘ह्ये बगा! जानत्या मानसाचं काम. ठरलं तर मंग.’’

‘‘थांबा,’’ सुतारांच्या आळीचा माणूस म्हणाला. ‘‘मोट्या डब्यात कोन?’’

‘‘जनरेटर, आमी, आन् गुरव,’’ अण्णा सहज म्हणाले. ते पाटलांच्या भावकीतले.

‘‘म्हंजी आमी बारक्यात?’’ धनगरांचे वृद्ध काठी टेकून उभेच राहिले. ‘‘पलीकडच्या अंगाला? उद्या म्हनशिला, तुमची समई बी पायरीवर ठिवा!’’

‘‘आवो तसं न्हाई, डबा बारका हाय, मान न्हाई...’’

‘‘मंग तुमी जावा की बारक्यात! आमी बसतो जनरेटरसंगं!’’

बोलणे वाढले. दोन डब्यांत कोणाला कोठे घालावे, याच्या तऱ्हा निघाल्या. वर्षाआड पाळी लावा, कोणी म्हणाले. चिठ्ठ्या टाका, कोणी म्हणाले. देवीला कौल लावा, हेही निघाले. तेव्हा गुरवीणबाई कडाडल्या, ‘‘द्येवीला डब्याचं इचारता? लाज हाय का?’’

पानाच्या दुकानाचे वृद्ध मालक तोवर खांबाशी शांत बसले होते. ते म्हणाले, ‘‘अण्णा, आमचा मान पहिल्यापासून शेवटचा. त्याचं काही वाटत नाही. कुणीतरी शेवटी पाहिजेच. पण शेवटचे असलो तरी एकाच पाटावर असतो. दुसरा पाट कधी मांडला नव्हता हो.’’

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिले, पुन्हा घातली.

‘‘येकच डबा,’’ ते म्हणाले. ‘‘दोनाचं नाव काडू नगा.’’

‘‘एकच असेल तर तो एवढा,’’ ती म्हणाली. तिचे बोट खडूच्या चौकोनावर होते.

‘‘नळ्या बारीक केल्या तर?’’

‘‘करते की. आधी कोणाची करू, तेवढं सांगा.’’

आधी गुरवीणबाई हसल्या, मग सुतार, मग धनगरांचे वृद्ध काठीसकट खाली बसले ते हसतच. शेवटी अण्णाही हसले. त्यांचे हसू त्यांच्या देहाला शोभेल असे होते. हातातला प्लास्टिकचा बॉक्स त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. ‘‘ह्यो तुमी न्या, गुरुजी. तपकिरीला हुईल.’’ आणि तिला म्हणाले, ‘‘ठिव बाई तुजी खिडकी. पर ती रिकामी नळी बंद कर. उंदीर जायाला नगं.’’

परतताना तिने स्कूटर लवळ्याच्या चढावर थांबवली आणि मागे वळून म्हणाली, ‘‘गुरुजी, पुढच्या वेळी खरंच नुसतं बसा हं.’’ मी कबूल केले. मी तिचे काम सावरायला बोललो होतो; ते सावरले त्या पाटाने, जो गावाने माझ्या कितीतरी आधी मांडून ठेवला होता. नियम करणाऱ्या दूरदेशीच्या माणसांना उरवड्याच्या समया ठाऊक नव्हत्या आणि उरवड्याला ते नियम ठाऊक नव्हते. तरी दोघांनी मोजलेला डबा एकाच मापाचा निघाला. मला याचे आश्चर्य वाटले नाही. मला फार बरे वाटले.

चतुर्दशीच्या आधी गुरवीणबाईंनी नळ्यांवर हळदकुंकू वाहिले आणि काम सुरू झाले. मी मधून मधून जाऊन बसत असे, अर्थात नुसता. ती आणि तिचे दोन कारागीर नळ्यांची तोंडे कानशीने घासून गुळगुळीत करत, टोकाला बुश लावत, म्हणजे वायर ओढताना सोलवटायची नाही. मेलेल्या वायरींचे निर्माल्य भंगारवाल्याने नेले आणि देवीला तेल आले. रिकाम्या नळीच्या दोन्ही तोंडांना तिने टोप्या बसवल्या.

डबा भिंतीवर चढला तेव्हा गुरवीणबाईंनी त्याच्या झाकणावर हार अडकवायला खुंटी मागितली.

‘‘आत्या, झाकणाला छिद्र नाही करायचं. आणि याच्यासमोर काही ठेवायचंही नाही. कधीही उघडता आलं पाहिजे.’’

‘‘द्येवीचा गाभारा बी दुपारचा बंद असतुया, आन् तुजा डबा सदा उघडा?’’

‘‘बंदच असतो, आत्या. फक्त उघडता यायला हवा.’’

गुरवीणबाई पुटपुटत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तो डब्याखालच्या फरशीवर रांगोळीची सुबक चौकट. तिच्यावर कोण चप्पल ठेवणार, कोण पोते टेकवणार? समोरची जागा मोकळी ठेवण्यासाठी आम्ही कारखान्यात फरशीवर पिवळे पट्टे मारत असू आणि तरी लोक त्यांवर खोकी ठेवत. या रांगोळीवर अजून कोणी पाऊल ठेवलेले नाही.

विद्युत निरीक्षक आले. त्यांनी झाकण उघडवले, टेप लावली, वायरींच्या वळणाखाली हात घालून पाहिला, आणि झाकण बंद करायला सांगितले. ती दारापाशी उभी होती. निरीक्षकांनी ‘ठीक’ म्हटले. तिने हातातला पेचकस ओटीत घ्यावा तसा पदरात घेतला.

नवरात्रात पाचही मानांचे दिवे एका ओळीत लागले. आरती सुरू झाली. टाळ, घंटा, धूप, मंडपभर माणसे. सारे पंखे फिरत होते आणि जनरेटरच्या वायरीवरही भार होता. मी हळूच दाराशी सरकलो, रांगोळी वाचवून हात लांब केला आणि तळवा डब्याच्या झाकणावर ठेवला. पत्रा थंड होता. पहाटेच्या तांब्याभांड्यासारखा थंड. मी डोळे मिटले. देवी समोर होती, तरी त्या क्षणी माझा नमस्कार त्या आतल्या रिकाम्या जागेला होता, हे मी लपवत नाही. ती जागाही तिचीच.

चैत्रात एक गोष्ट घडली. गावाच्या अलीकडे ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, तेथे लातूरकडच्या, विदर्भातल्या, खानदेशातल्या नोकरदारांची घरे आहेत. तेथील काही बायका देवीला येत असत. त्यांनी विचारले, आमचाही एक दिवा लावाल का? अण्णांनी मोठ्या मनाने सांगितले, की पाटलांच्या वायरीवर लावा, आमची हरकत नाही. पण गुरवीणबाईंची होती. एकाचे तेल दुसऱ्याच्या समईत नाही. आणि मग साऱ्यांना ती टोपी घातलेली नळी आठवली.

मला मुद्दाम बोलावले होते. भरदुपारी मंडपात माणसे जमली. तिने डब्याचे झाकण उतरवले, नळीच्या टोप्या काढल्या आणि एका तोंडातून ओढतार, म्हणजे वायर ओढून आणायची लवचीक तार, आत सोडली. ती कोठेही न अडता दुसऱ्या तोंडाने बाहेर आली. त्या बायकांतल्या लातूरच्या एका बाईंनी आणलेली वायर तारेच्या टोकाला बांधली; गुरवीणबाईंनी वायरीला कुंकू लावले; आणि तिने ती ओढायला घेतली. वायर डब्यात आली, मोकळेपणी वळली, आणि पाचांच्या शेजारी सहावी होऊन निघून गेली. एवढेच. भिंत फुटली नाही, कोणाच्या वायरीला धक्का लागला नाही.

त्या इमारतींचे कामही आता तिच्याकडे आहे. लेकीची शाळा सुटते तेव्हा ती फाटकात उभी असते. कधी हातात पेचकस असतो, कधी भाजीची पिशवी.

त्या दुपारी सहावा दिवा लागला. अण्णा कमरेवर हात ठेवून डब्यात डोकावत होते. बराच वेळ डोकावल्यावर त्यांनी मान बाहेर काढली.

‘‘सूनबाई.’’

‘‘काय अण्णा?’’

‘‘आजून येक रिकामी ठिवायला पायजे हुती.’’

‘‘मग डबा एकोणीस इंची झाला असता.’’

‘‘झाला असता तर झाला असता!’’ अण्णा म्हणाले. ‘‘येवढी भिंत मोकळी पडलीया की.’’

तिने माझ्याकडे पाहिले. मी ठरल्याप्रमाणे नुसता बसलो होतो.